लघवीत जंतू सापडणं आणि युरिन इन्फेक्शन होणं

या दोन वेगळ्या गोष्टी, पण वृद्धाश्रमांत आणि केअर सेंटरांत त्यांचा घोळ सतत चालू असतो. आजी दोन दिवस गप्प आहेत, जेवण कमी झालंय, लघवीला वास येतोय. मावशी सिस्टरना सांगतात, सिस्टर लघवी तपासायला पाठवतात. रिपोर्टमध्ये पस सेल्स (लघवीतल्या पांढऱ्या पेशी) २०-२५ आणि कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, ई. कोलाय हा जंतू, एक लाखाच्या वर. त्याचा फोटो पुण्यातल्या मुलीला आणि न्यू जर्सीतल्या मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, आणि संध्याकाळच्या आत अँटिबायोटिक सुरू. आजींना लघवी करताना आग होते का, हे कुणी विचारलेलंच नसतं.

खरं इन्फेक्शन बहुतेकांना ओळखता येतं: लघवीला नव्याने जळजळ, सारखं जावंसं वाटणं, ओटीपोटात दुखणं, क्वचित रक्त. किडनीपर्यंत पोचलं तर हुडहुडी भरून ताप आणि कुशीत दुखणं.

दुसरा प्रकार म्हणजे लघवीत जंतू आहेत, पण त्यांचा त्रास काहीच नाही. डॉक्टर याला असिम्प्टोमॅटिक बॅक्टेरियुरिया म्हणतात. संस्थेत कायम राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांपैकी साधारण २५ ते ५० टक्के आणि पुरुषांपैकी १५ ते ४० टक्के जणांच्या लघवीत असे जंतू सापडतात. लघवीची नळी (कॅथेटर) कायमची असेल तर जवळजवळ सगळ्यांच्याच. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, प्रोस्टेट वाढलेली असते, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटलेलं असतं. जंतूंना तिथे राहायला एवढं पुरतं. औषधाने ते काही काळ जातात, मग परत येतात, आणि पुष्कळदा त्या औषधाला न जुमानणारे होऊन येतात.

‘पण पस सेल्स आहेत ना?’ हा प्रश्न हमखास येतो. पस सेल्स या बिनत्रासाच्या जंतूंबरोबरही बहुतेक वृद्धांमध्ये असतात, त्यामुळे त्यांच्यावरून दोन्हींतला फरक कळत नाही. त्यांचा उपयोग उलट दिशेने आहे: पस सेल्स अजिबात नसतील तर दुखणं बहुधा लघवीचं नाही, दुसरीकडे शोधा. वास आणि गढूळपणा तर पुरावा म्हणून धरूच नयेत. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते आणि वास मारते.

खरी फसगत होते ती अचानक आलेल्या गोंधळलेपणामुळे. आजोबा कालपासून असंबद्ध बोलतायत, रात्रभर जागे, दिवसा गुंगीत. लघवीत जंतू सापडले, म्हणजे कारण सापडलं असं धरलं जातं. पण त्या वयात जंतू गोंधळाच्या आधीही असण्याची शक्यता दाट असते. म्हणून अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९च्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितलं: गोंधळ किंवा पडणं आहे, पण ताप नाही, रक्तदाब ठीक आहे आणि लघवीची लक्षणं नाहीत, तर अँटिबायोटिक न देता दुसरी कारणं शोधा आणि बारीक लक्ष ठेवा.

आधी ग्लुकोमीटरवर साखर आणि बोटावर ऑक्सिजन बघा. शौचाला शेवटचं कधी झालं ते विचारा. ओटीपोटावर हात ठेवून मूत्राशय तुंबलंय का पाहा. औषधांच्या डब्यात या आठवड्यात नवीन काय आलं? सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन आणि झोपेची गोळी हे नेहमीचे गुन्हेगार. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर रक्तातलं सोडियम तपासा. गेल्या काही आठवड्यांत डोक्यावर पडले असतील, त्यात रक्त पातळ करणारी गोळी असेल, तर सीटी स्कॅन आधी. चुकीच्या अँटिबायोटिकचं सगळ्यात मोठं नुकसान हेच, की हा शोध तिथेच थांबतो. शिवाय सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची अँटिबायोटिक स्वतःच गोंधळ वाढवू शकतात, आणि मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर साखर धोकादायक खाली आणू शकतात.

हृदय-किडनीमुळे पाण्यावर बंधन नसेल तर दिवसाला दीड लिटरच्या आसपास पाणी, ताक, पेज पोटात जाऊ द्या. दर चार-सहा तासांनी ताप, नाडी, बीपी, श्वास लिहून ठेवा. म्हाताऱ्या माणसाला १०० फॅरनहाइटच्या वर, किंवा त्याच्या नेहमीच्या तापमानापेक्षा २ अंश जास्त, म्हणजे ताप. हुडहुडी भरली, बीपी घसरलं किंवा धाप लागली तर वाट न बघता हॉस्पिटल.

मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल आणि लघवीला झोंबत असेल तर आधी डायपर काढून कातडी बघा. या गोळ्यांनी लघवीतून साखर जाते, बुरशी येते, आणि लाल झालेल्या जागी लघवी लागून झोंबते. ते युरिन इन्फेक्शन नव्हे.

लक्षणं असतील तर कल्चर पाठवाच, पण पहिल्या डोसच्या आधी. डायपर पिळून किंवा युरिन बॅगेतून घेतलेला नमुना निरुपयोगी. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर ती बदलून नव्या नळीच्या पोर्टमधून (नमुना घेण्याच्या तोंडातून) घ्या. दोन तासांत लॅबला पोचत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा.

ताप नसलेल्या साध्या इन्फेक्शनला स्त्रियांमध्ये डॉक्टर बहुधा नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक देतात: १०० मिलिग्रॅम, हळू विरघळणारं, दिवसातून दोनदा, पाच दिवस. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी किती काम करते याचं माप) ३० च्या खाली असेल तर ते नको, आणि किडनीपर्यंत पोचलेल्या इन्फेक्शनला ते पुरत नाही. त्याच्या जोडीला जळजळीचं सायट्रेट सिरप देण्याची सवय मोडायलाच हवी. लघवी अल्कली झाली की नायट्रोफ्युरँटॉइनचा जोर कमी होतो, आणि सोडियमचं सिरप असेल तर हृदय कमजोर असलेल्यांना तेही बाधतं.

त्रास नसताना लघवी तपासून जंतू मारण्याचं या वयातलं रास्त कारण म्हणजे टीयूआरपीसारखं (लघवीच्या मार्गातून वाढलेली प्रोस्टेट काढण्याचं) ऑपरेशन, जिथे आतल्या अस्तराला जखम होणार असते. जळजळ थांबल्यावर ‘चेक कल्चर’ नको. लक्षणं परत आली, तरच नवा नमुना.