लॉगचा ताळा

गणित सुटलं की ताळा करायचा, ही सवय गुणाकार-भागाकार शिकतानाच लागते. बीजगणित सुरू झालं की ती सुटते. वास्तविक तिथे लॉगॅरिदमचा, म्हणजे लॉगचा, ताळा फार कामाचा. (१० चा कितवा घात केला की एखादी संख्या मिळते, तो आकडा म्हणजे त्या संख्येचा लॉग: १० चा लॉग १, १०० चा २.) हा ताळा नुसतं ‘चुकलं’ म्हणून गप्प बसत नाही. कुठे चुकलं तेही बऱ्याचदा दाखवतो.

म्हापशाच्या बाजारातला बांगडाच घ्या. मासा लांबी, रुंदी, जाडी अशा तिन्ही अंगांनी वाढतो, म्हणून त्याचं वजन साधारण लांबीच्या घनाच्या प्रमाणात असतं. वजन = क × लांबीचा घन, इथे क ही एक ठरावीक संख्या. (मत्स्यशास्त्रज्ञ हा घातांक मोजमापांवरून काढतात, बहुतेक माशांत तो ३ च्या आसपास येतो.) दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते आणि घातांक खाली उतरतो:

लॉग वजन = लॉग क + ३ × लॉग लांबी

आता समजा, कुणाच्या वहीत १२ सेंटिमीटरचा बांगडा २० ग्रॅम आणि २४ सेंटिमीटरचा ८० ग्रॅम लिहिला आहे. लांबींच्या लॉगमधला फरक ०.३०१, वजनांच्या लॉगमधला ०.६०२. बरोबर दुप्पट. वजाबाकीत क उडाला, घातांक उरला, आणि तो निघाला २! लिहिणाऱ्याने घनाऐवजी वर्ग केलाय. मोठ्या बांगड्यापुढे १६० ग्रॅम असते, तर फरक ०.९०३ म्हणजे तिप्पट आला असता. याच हिशेबाने लांबी दहा टक्के वाढली तर वजन जवळपास तेहतीस टक्क्यांनी वाढतं. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत माशाला वाढायला वेळ मिळतो; ती बंदी ज्यांना जाचते, त्यांनी हा आकडा जरूर बघावा.

गुणाकाराचं ओझं बेरजेवर टाकण्याची ही युक्ती जॉन नेपियरने १६१४ मध्ये प्रसिद्ध केली. १६१७ मध्ये हेन्री ब्रिग्जने १० हा पाया धरून पहिल्या हजार संख्यांचे लॉग छापले. कॅल्क्युलेटर आले आणि लॉग टेबलं माळ्यावर गेली, इतकंच.

बेरजेपुढे मात्र लॉगचं काही चालत नाही. लॉग (अ + ब) फोडता येत नाही, तरी अकरावीतली मुलं तो हमखास फोडून लॉग अ + लॉग ब करतात. वर पडताळायला २ आणि २ घेतात, आणि नेमकं तिथे जुळतं, कारण २ + २ आणि २ × २ दोन्ही ४. तेव्हा २ आणि ३ घ्या: लॉग ५ म्हणजे ०.६९९, पण लॉग २ + लॉग ३ म्हणजे ०.७७८. फुटलं बिंग.

दुसरा खड्डा चिन्हांचा. लॉग क्ष + लॉग (क्ष − ३) = १ हे समीकरण सोडवताना दोन्ही लॉग जोडले की क्ष(क्ष − ३) = १० मिळतं. उत्तरं ५ आणि −२. जोडलेल्या समीकरणात −२ सुद्धा चपखल बसतो, कारण −२ गुणिले −५ दहाच. मूळ समीकरणात बघावं तर ऋण संख्येला वास्तव लॉगच नाही. म्हणून जोडाजोडीआधीच ‘क्ष ३ पेक्षा मोठा हवा’ असं वर लिहून ठेवायचं. −२ मग तिथल्या तिथे खोडला जातो.