कौलांपासून स्लॅबपर्यंत: गोव्यातल्या घरगुती विजेची पार्श्वभूमी

मे महिना सरत आला की गोव्यातल्या जुन्या घरांत पुरुमेंताची गडबड सुरू होई. शब्द पोर्तुगीज, अर्थ आपला: पावसाळ्याची बेगमी. सुके मासे, मीठ, सोलां, मिरच्या, उकडे तांदूळ ही यादी सगळेच हौसेने सांगतात. जळणाची आठवण मात्र कुणी काढत नाही. वास्तविक पुरुमेंतात सर्वांत जास्त जागा अडायची ती जळणानेच. फोडून वाळवलेली लाकडे, चुडते (माडाच्या सुक्या झावळ्या), सोडणे (नारळाची सालपटे), करवंट्या, शेणी हे सगळे पहिल्या पावसाआधी गोठ्याच्या माळ्यावर किंवा चुलीवरच्या मचाणावर पोचलेच पाहिजे. पणजीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जुलैत लाकूड संपले तर ओल्या लाकडाचा धूर डोळ्यांत घेत भात शिजवायचा.

घरातल्या ऊर्जेचा हिशेब हा असा भाऱ्यांत व्हायचा, आणि तो बाया करायच्या, कारण भारे त्यांच्याच डोक्यावरून यायचे. त्या काटकसरीचे कौतुक करताना हे विसरू नये.

काटकसर मात्र खरोखर बारीक होती. न्हाणीतली तांब्याची भाण, म्हणजे पाणी तापवायचे मोठे भांडे, घ्या. तिच्याखाली चांगले लाकूड कुणी घालत नसे. भाणीची भूक सोडणांवर आणि चुडतांवर भागायची. सोडण भडकत नाही, तासन्‌तास धुमसत राहते. रात्री दोन सोडणे सारून ठेवली की पहाटे पाणी कोमट मिळे. उरलेली राख भांडी घासायला, त्यातून उरलेली माडाच्या अळ्यात. आजही सत्तरी आणि सांगे तालुक्यांत, फोंड्याच्या कुळागरांत (माड-पोफळीच्या बागांत) अशी घरे आहेत जिथे आत गॅस आणि गीझर दोन्ही आहेत, पण आंघोळीचे पाणी मागीलदारी भाणीतच तापते. हा जुन्याचा मोह नव्हे. पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला विजेवर सुमारे ०.४४ युनिट लागते. पाच माणसांच्या घरात ते महिन्याला साठ-पासष्ट युनिटांवर जाते, आणि सोडणे तर परसात फुकट पडलेली असतात.

खरी बचत मात्र भिंतींत आणि छपरात होती, आणि ती कुणी बचत म्हणून ओळखतही नसे. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती दुपारचे ऊन हळूहळू पितात. उतरते उंच छप्पर आधी नळीच्या कौलांचे असे. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर चपटी मंगळुरी कौले किनाऱ्याकिनाऱ्याने पसरली आणि गोव्यातही आली. कौलाकौलांमधल्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. हेच या छपराचे यंत्र. हिंदू घरांत मधोमध राजांगण (उघडे अंगण), त्यात तुळस, चहूबाजूंनी ओसऱ्या. ख्रिस्ती घरांत पुढे बाल्कांव, म्हणजे बसायची पडवी. जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवलेले असत, त्यांतून उजेड यायचा पण उन्हाचा चटका यायचा नाही. अंधाऱ्या खोलीवर एखादे काचेचे कौल. त्या एका कौलाने दिवसभराचा दिवा वाचायचा.

दिवा म्हणजे तरी काय, आधी तेलाचा, मग घासलेटचा. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा वीज होती ती मुख्यतः शहरांत, स्थानिक जनरेटरांवर चालणारी. खेड्यांत चिमणी आणि कंदील, लग्नाकार्याला किंवा दशावताराला पेट्रोमॅक्स. मुक्तीनंतर शेजारच्या राज्यांतून तारा आल्या, खांब वाड्यावाड्यांवर पोचले, आणि ‘वीज खाते’ हा शब्द घराघरांत रुळला. गोव्यात वीजवाटप अजूनही सरकारचे एक खातेच करते, त्याचे महामंडळ झाले नाही.

इथे एक गोष्ट ठळक सांगायला हवी, कारण बिलाची चर्चा करताना ती नेहमी निसटते. गोव्याची स्वतःची वीज जवळजवळ नाहीच. कोळसा नाही. साळावली आणि अंजुणे ही धरणे आहेत, पण ती शेतीसाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी. सांकवाळला नाफ्त्यावर चालणारा ४८ मेगावॅटचा एक खासगी प्रकल्प काही वर्षे होता, ती वीज महाग पडायची. बाकी आपण छत्तीसगडच्या कोरबाची, मध्य प्रदेशातल्या विंध्याचलची, तेलंगणातल्या रामगुंडमची वीज वापरतो. आपला पंखा फिरतो त्याचा धूर तिथे निघतो. त्या तारा इथवर आणायच्या कुठून, या प्रश्नाने २०२० मध्ये मोलेचे जंगल तापले. ४०० केव्हीची (किलोव्होल्टची) वीजवाहिनी, रेल्वेचा दुसरा मार्ग आणि महामार्ग असे तीन प्रकल्प एकदम अभयारण्यावर आले, तेव्हा तरुण पोरे रस्त्यावर उतरली. त्या वादात ‘विजेची मागणी वाढतेय’ हे वाक्य दर दोन मिनिटांनी येई. मागणी घरांत का वाढली, याकडे मात्र फारसे कुणी वळले नाही.

माझ्या मते ती वाढली स्लॅबमुळे. १९७० च्या दशकापासून आखातातला पैसा, खाणींवरची नोकरी, बँकेचे कर्ज यांनी कौलारू घरे पाडून सिमेंटची घरे उभी राहिली. कारण समजण्यासारखे होते: दरवर्षी कौले परतायला माणूस मिळेना, वाशांना वाळवी, माकडांचा उपद्रव. पण सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन साठवतो आणि रात्री खाली सोडतो. राजांगण गेले, उंची गेली, खिडक्यांसमोर शेजाऱ्याची भिंत आली. पंखा मग गरम हवाच फिरवू लागला. पुढे स्लॅब गळायला लागल्यावर लोकांनी वर पत्र्याचे छप्पर घातले. म्हणजे कौलांचे काम पत्र्याकडून करून घेतले. उष्णतेच्या दृष्टीने ते बरेच झाले, कारण मधल्या मोकळ्या जागेतून वारा खेळतो. ज्यांना ते जमले नाही त्यांनी एसी घेतला.

आपल्याकडे एसीला नुसती हवा थंड करायची नसते, तिच्यातले पाणीही काढायचे असते. खोलीबाहेरच्या नळीतून टपटप गळणारे पाणी हा त्या कामाचा पुरावा. जुना दीड टनी एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला दीड युनिटच्या आसपास खातो. ऊर्जा दक्षता ब्युरोचा हिशेब असा की तापमान एक अंशाने वर ठेवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. म्हणून १ जानेवारी २०२० पासून नवे एसी मुळातच २४ अंशांवर लावून येतात. तरी आपण पहिले बटण दाबतो ते १८ करण्यासाठी.

देशपातळीवर बचतीचा विचार आला तो तेलाच्या धसक्याने. १९७३ च्या तेलसंकटानंतर घासलेट वाचवणारा ‘नूतन’ वातीचा स्टोव्ह आला, गोबरगॅसला अनुदाने मिळाली. विजेकडे लक्ष जायला पुढचे शतक उजाडले. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, ब्युरोची स्थापना मार्च २००२ ची, उपकरण किती वीज वाचवते ते दाखवणारी ताऱ्यांची लेबले २००६ पासून. काही प्रकारच्या फ्रिजवर आणि एसीवर ती २०१० मध्ये सक्तीची झाली. छताच्या पंख्यावर सक्ती यायला मात्र २०२३ उजाडावे लागले. हा क्रम मला उलटा वाटतो. एसी काही घरांत असतो. पंखा प्रत्येक खोलीत असतो आणि गोव्यात तो डिसेंबरच्या काही रात्री सोडल्या तर थांबत नाही. ७५ वॉटचा जुना पंखा रोज पंधरा तास चालला तर महिन्याला सुमारे ३४ युनिटे, ३० वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) पंखा तेवढ्याच वेळात साडेतेरा. जुना डबड्यासारखा रेग्युलेटर असेल तर गती कमी केली तरी बरीचशी वीज त्या डबड्यातच तापून जाते. हात लावून बघा.

बल्बची गोष्ट वेगळी, ती झटक्यात झाली. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत घाऊक खरेदीमुळे एलईडी बल्बचा खरेदी दर ३१० रुपयांवरून काही वर्षांत ३८ वर उतरला. साठच्या जागी नऊ वॉट आले आणि ‘दिवे बंद करा’ म्हणून आयुष्यभर ओरडणाऱ्या घरच्या वडीलधाऱ्यांचे निम्मे काम संपले.

बिलात आणखी एक स्लॅब आहे, दराचा. संयुक्त वीज नियामक आयोगाच्या कक्षेत गोवा २००८ साली आला आणि आता दर तोच ठरवतो. घरगुती वापराचे टप्पे शंभर-शंभर युनिटांचे आहेत आणि प्रत्येक टप्प्याला दर चढा. त्यामुळे पंख्यातून वाचलेली वीस युनिटे सरासरी दराने वाचत नाहीत, आपण चढलेल्या सर्वांत वरच्या पायरीच्या दराने वाचतात. भरपूर वापरणाऱ्याला म्हणूनच बदल लवकर फळतो, दोन दिवे-एका पंख्याच्या घराला उशिरा.

छपरावरच्या सौर विजेसाठी राज्याचे धोरण २०१७ मध्ये आले. फेब्रुवारी २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेने तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपयांचे केंद्रीय अनुदान दिले, तेव्हा चौकशा वाढल्या. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच: पावसात काय? पावसात कमीच. जून ते सप्टेंबर पॅनेल पत्र्यावर धुऊन निघतात आणि बऱ्याच दिवसांत जेमतेम काम करतात. पण नेट मीटरिंगमध्ये एप्रिल-मेच्या उन्हात ग्रिडला दिलेली जास्तीची युनिटे पुढच्या बिलांत वळती होतात आणि हिशेब मार्चअखेर मिटतो. म्हणजे मे महिन्यात साठवायचे आणि आषाढ-श्रावणात खायचे. फक्त यासाठी गोठ्याचा माळा लागत नाही.