तान्ह्या बाळाचा श्वास वाजतो तेव्हा

बारशाला आलेल्या समस्त बायकांचं एकमत होतं: बाळाला कफ झालाय. लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली, मधोमध पाळणा, आणि प्रत्येक श्वासाला कोंबडीच्या पिल्लासारखा बारीक, चिरका आवाज. मालिशवाल्या मावशींनी ओवा-लसणाची धुरी सुचवली. पण माझ्या भाचीच्या या लेकाला ना सर्दी होती ना ताप. दूध पीत होता आणि रडला की अख्ख्या मजल्याला कळत होतं.

परळच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "आवाज श्वास घेताना येतो की सोडताना?" घरात आठ माणसं, एकालाही सांगता येईना. शेवटी मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. आवाज फक्त श्वास घेताना येत होता.

या प्रश्नात बरंच काही दडलेलं असतं. हल्ली शहाळ्यासोबत कागदी स्ट्रॉ मिळते. ती भिजून मऊ पडली की जोरात ओढल्यावर चपटी होते. तान्ह्या बाळाच्या स्वरयंत्राच्या वरच्या कूर्चा (मऊ, लवचीक हाडं) अशाच लुसलुशीत असल्या, तर हवा आत जाताना त्या ओढल्या जाऊन थरथरतात आणि श्वास वाजतो. याला लॅरिंगोमलेशिया म्हणतात. तान्ह्या बाळांच्या अशा वाजत्या श्वासाचं हे सर्वांत जास्त आढळणारं कारण. छातीतली श्वासनलिका मऊ असेल तर उलटं होतं: श्वास घेताना छाती फुगते तशी नळीही उघडते, सोडताना ती दाबली जाते, म्हणून आवाज सोडताना येतो. आणि जागा कायमचीच अरुंद असेल तर दोन्ही वेळा. रडणंच घोगरं असेल तर संशय स्वरतंतूंवर.

आता धुरीचं. नवजात बाळाच्या स्वरतंतूंखालची जागा जेमतेम 4 ते 5 मिलिमीटर रुंद, आणि तिच्याभोवती कूर्चेचं पूर्ण बंद कडं, म्हणजे सूज आली तर ती आतल्याच बाजूला येणार. 4 मिलिमीटरच्या नळीत चहूबाजूंनी 1 मिलिमीटर सूज आली की रुंदी निम्मी होते, पण हवेला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, साधारण 16 पट वाढतो. मोठ्या माणसाचा तेवढ्या सुजेने फार तर आवाज बसेल. एवढ्याशा नळीत धूर कशाला कोंडायचा? (मावशी यावर अजून रुसलेल्या आहेत.)

डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली. स्वरयंत्रावरचं झाकण पन्हळीसारखं दुमडलेलं दिसलं, म्हणजे लॅरिंगोमलेशियाच. बहुतेक बाळांमध्ये हा आवाज सहा-आठ महिन्यांपर्यंत वाढतो आणि दीड-दोन वर्षांत कूर्चा टणक झाल्या की जातो. थोड्या बाळांना सैल भाग छाटण्याची शस्त्रक्रिया लागते. स्वरतंतूंखाली रक्तवाहिन्यांची गाठ निघाली तर प्रोप्रॅनोलॉल देतात. हे मूळचं हृदयविकाराचं औषध. अशा गाठी त्याने आक्रसतात हे फ्रान्समधल्या डॉक्टरांनी 2008 मध्ये जगापुढे आणलं.

पालथं घातलं की आवाज कमी व्हायचा, पण डॉक्टरांनी झोपवायला उताणंच सांगितलं. ओठ निळे पडले, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली, श्वास मध्येच थांबला किंवा दूध पिताना दम लागला, तर रात्र असो वा पाऊस, थेट रुग्णालय गाठायचं. बाकी औषध काही नाही. महिन्याच्या महिन्याला वजन करून आणायचं.