खानापूरचा पाऊस आणि पणजीचं मचूळ पाणी

खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीच्या पावसाला दोन वाटा फुटतात. मलप्रभेत पडलेलं पाणी पूर्वेला कृष्णेकडे जातं. कळसा नाल्यातलं मात्र म्हादईला मिळून गोव्यात उतरतं आणि मांडवी या नावानं पणजीला अरबी समुद्र गाठतं. २०१८ साली म्हादईच्या पाणीवाटपाचा निवाडा करणाऱ्या लवादानं कर्नाटकाच्या पदरात १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी टाकलं, तेव्हापासून आपल्याकडे या आकड्यावर भरपूर बोललं गेलं. पण 'उरलेलं समुद्रात वाया जातं' हे वाक्य मला कधीच पटलेलं नाही. ते पाणी खाडीत काय करतं, ते तरी बघूया.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, नदीच्या पाण्यात जवळजवळ नसतातच. खाडीत या दोन टोकांच्या मधलं सगळं सापडतं, आणि तिथल्या प्लवकांची वस्ती या खारेपणावर ठरते. प्लवक म्हणजे प्रवाहाबरोबर वाहणारे, बहुतेक डोळ्यांना न दिसणारे जीव. मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटतं, तसंच गोड्या पाण्यातली पेशी खाऱ्या पाण्यात गेली की तिच्यातलं पाणी बाहेर ओढलं जातं. समुद्रातली पेशी गोड्या पाण्यात आली तर उलट फुगते. म्हणून नदीच्या बाजूला पाणपिसवा दिसतात, मुखाशी समुद्री कोपेपॉड (दोन्ही कोळंबीच्या दूरच्या नात्यातले इवले जीव), आणि मधल्या मचूळ पट्ट्यात दोन्हीकडचा ताण सोसणारे मोजके.

स्केलेटोनेमा हा डायटम (सिलिकाचं, म्हणजे काचेतल्या मुख्य द्रव्याचं, कवच असलेलं एकपेशीय शैवाल) अशा सोशिकांपैकी एक. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या इवल्या डब्या सिलिकाच्या बारीक काड्यांनी एकमेकींना जोडलेल्या, माळेसारख्या दिसतात. त्याला लागणारी सिलिका खडक झिजून नदीतून येते, म्हणजे त्यातला काही वाटा आपल्या खानापूरच्या डोंगरांचाही.

प्रवाहाविरुद्ध पोहण्याची ताकद नसलेले हे जीव समुद्रात वाहून कसे जात नाहीत? हलकं गोडं पाणी वरून बाहेर सरकतं, जड खारं पाणी तळाशी आत शिरतं. कितीतरी प्राणी प्लवक वर-खाली होतात आणि हव्या त्या थरात थांबून खाडीतच राहतात.

पावसाळ्यात पणजीजवळही वरचं पाणी जवळजवळ गोडं होतं, समुद्री प्लवक मागे हटतात. पोषकद्रव्यं मुबलक असतात, पण गढूळ पाण्यात उजेड पोचत नाही. पावसानं उघडीप दिली की डायटम जोर धरतात. एप्रिल-मेमध्ये नदी आटते, भरती खारं पाणी कित्येक किलोमीटर आत नेते आणि गोड्या पाण्यातल्या जीवांचा पट्टा आखडतो. वरून येणारं उन्हाळी पाणी आणखी घटलं, तर तो आणखी आखडेल.

कोळंबीच्या अनेक जाती समुद्रात अंडी घालतात. पिल्लं मात्र भरतीबरोबर खाडीत शिरतात, मचूळ पाण्यात प्लवक नि गाळातलं अन्न खाऊन वाढतात आणि मोठी झाली की परत समुद्रात जातात. चोर्ला घाट चढून बेळगावच्या बाजारात येणाऱ्या कोळंबीतही अशा जाती असतात.