हत्ती माणसाळतो, पाळीव होत नाही

नांदणीच्या जैन मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं जुलै २०२५ मध्ये जामनगरला, रिलायन्सच्या वनतारा या खासगी प्राणी केंद्रात गेली आणि कोल्हापूर जिल्हा पेटून उठला. मोर्चे निघाले, सह्यांचे गठ्ठे जमले, रिलायन्सवरच्या रागातून लोकांनी जिओची सिमकार्डं बदलली. त्या दिवसांत एक वाक्य मी जागोजागी ऐकलं आणि आजही ऐकतो: "हत्ती म्हणजे गाईबैलांसारखाच पाळीव प्राणी. हजारो वर्षं माणसाजवळ राहतोय." बोलणारे शेतकरी होते, प्राध्यापक होते, वकीलही होते. वाक्याचा दुसरा भाग खरा आहे. पहिला साफ चुकीचा आहे, आणि पुढचा सगळा वाद त्या चुकीच्या पायावर उभा राहतो.

गाईबैलांबद्दल फार सांगत नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी नाही तर आजोळी तरी गोठा होता. कुठला वळू लावायचा, कुठली कालवड ठेवायची, मारकं जनावर बाजारात कधी काढायचं, हे निर्णय माणसानं पिढ्यान्‌पिढ्या घेतले. त्यातून खिल्लार झाली, डांगी झाली, देवणी झाली. गाईचा मूळ रानटी पूर्वज तर आज जगात शिल्लकच नाही.

काही फरक लोक उगाच चघळतात. आफ्रिकन हत्तीचे कान मोठे, आपल्याकडच्याचे लहान. सुळे नसलेल्या नराला मखना म्हणतात. दोन्ही माहिती असलेलं चांगलं, पण आपल्या प्रश्नाशी त्यांचा काही संबंध नाही.

अडतं ते इथे. माणसाळवणं एका जनावराच्या बाबतीत घडतं. पाळीव होणं अख्ख्या जातीच्या बाबतीत घडतं, आणि त्याला पिढ्या लागतात. माणसाळवलेल्या जनावराचं वागणं बदलतं, रक्त तेच राहतं. त्याच्या पिल्लाला आईबापांच्या माणसाळण्यातलं काहीही वारशात मिळत नाही. तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पाळीव जातीचं वासरू मात्र गोठ्यात जन्मतं तेच माणसाजवळ राहण्याचा स्वभाव घेऊन. दावं सुटलं तरी ते संध्याकाळी घरी येतं.

हे प्रत्यक्ष करून पाहिलेलं आहे. १९५९ मध्ये रशियात नोव्होसिबिर्स्कला दिमित्री बेल्यायेव या आनुवंशशास्त्रज्ञानं फरसाठी पिंजऱ्यात वाढवलेले कोल्हे घेतले आणि दर पिढीत माणसाला सगळ्यात कमी बुजणारे तेवढेच पुढच्या पैदाशीसाठी ठेवले. त्यांना काही शिकवायचं नाही, लळाही लावायचा नाही. फक्त निवड करायची. थोड्याच पिढ्यांत माणूस दिसताच शेपूट हलवणारी, हात चाटणारी पिल्लं जन्मू लागली. पुढे काहींचे कान लोंबू लागले, अंगावर पांढरे ठिपके आले. स्वभाव रक्तात उतरला होता. पाळीव होणं म्हणतात ते हे.

हत्तीच्या बाबतीत अशी निवड कधी झालीच नाही. माणसाला तेवढी अक्कल नव्हती असं नव्हे, ते परवडणारं नव्हतं. हत्तीण अठरा ते बावीस महिने गाभण राहते, एका वेळी एकच पिल्लू देते, आणि पुढचं पिल्लू चार-पाच वर्षांनी. ते पिल्लू कामाला येईपर्यंत दहा-पंधरा वर्षं जातात. तोवर रोजचा ढीगभर चारा, माहुताचा पगार, चारा कापून आणणाऱ्या चाराकटरचा पगार. यापेक्षा जंगलात तयार झालेला हत्ती पकडून आणणं कुठल्याही राजाला स्वस्त पडायचं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेच दिसतं. हत्ती उन्हाळ्यात पकडावेत, वीस वर्षांचा घ्यावा; लहान पिल्लू, आजारी जनावर, गाभण किंवा पाजती हत्तीण धरू नये, असे नियम त्यात आहेत. हत्तींची राखीव जंगलं सांभाळायला वेगळा अधिकारी नेमायला सांगितलं आहे, आणि तिथे हत्ती मारणाऱ्याला देहदंड. जंगल राखायचं ते पुढच्या पिढीचे हत्ती तिथूनच यायचे म्हणून. अकबराच्या दरबारी अबुल फजलनं तर नोंदवलं आहे की पूर्वी माणसाळवलेल्या हत्तींची पैदास करणं अशुभ मानत. बादशहानं तो समज मोडून पैदास करायला लावली. म्हणजे सोळाव्या शतकात ती बातमी होण्याइतकी नवी गोष्ट होती.

पुढेही तेच. म्हैसूर भागात खेडा घालून कळपच्या कळप नदीत उतरवत आणि लाकडी कोटात कोंडत; काकनकोट इथला शेवटचा खेडा १९७१ मध्ये झाला. आसामात मेळा शिकार, म्हणजे माणसाळलेल्या कुनकी हत्तीवरून फास टाकून जंगली हत्ती धरणं. केरळात खड्डे खणत. केरळच्या उत्सवांत ज्यांच्या नावानं गर्दी लोटते त्या हत्तींपैकी कित्येक बिहार-आसामकडून आलेले आहेत. त्रिशूर पूरमसाठी गाजलेला तेच्चिकोट्टुकावु रामचंद्रन मूळचा बिहारचा. आपल्याकडे २०१५ मध्ये सिंधुदुर्गात माणगाव खोऱ्यात रानटी हत्ती धरले, तेही कर्नाटकातून माणसाळलेले हत्ती आणूनच.

"पण छावणीत पिल्लं जन्मतात की!" जन्मतात. पण छावणीतल्या हत्तिणींना रात्री जंगलात चरायला सोडतात, आणि पिल्लाचा बाप बऱ्याचदा रानातला नर असतो. तिथे निवड माणूस करत नाही, हत्तीण करते. अशा पिल्लाचं रक्त कळपातल्या कुठल्याही रानटी पिल्लाइतकंच रानटी असतं.

हजारो वर्षांच्या सहवासाचा मुद्दा मांडणाऱ्या कोल्हापूरकरांना मी चित्त्याची आठवण करून देतो. कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवत. डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता गाडीवरून माळावर न्यायचे, चित्तेवान त्याच्याशेजारी निवांत बसलेला असायचा. भारतात शतकानुशतकं चित्ते असे माणसाळवले गेले आणि जवळजवळ प्रत्येक चित्ता रानातून धरून आणलेला होता. धरता धरता रान रिकामं व्हायला हातभार लागला. चित्त्याला पाळीव प्राणी मात्र कोणी म्हणत नाही. हत्ती याच रांगेत बसतो, गाईच्या नव्हे.

नराच्या बाबतीत तर हा फरक उघड्या डोळ्यांना दिसतो. वयात आलेला नर हत्ती बहुधा दरवर्षी मस्तीवर येतो. डोळा आणि कान यांच्यामधल्या ग्रंथीतून काळपट चिकट स्राव गालावर ओघळतो, अंगातलं टेस्टोस्टेरॉन कित्येक पटींनी वाढतं, आणि वीस वर्षांच्या ओळखीच्या माहुतालाही तो जवळ येऊ देईल याचा भरवसा राहत नाही. मग आठवडेच्या आठवडे पुढचा-मागचा पाय साखळदंडात. शेतकऱ्यानं हा प्रश्न बैलापुरता केव्हाच सोडवला: गोऱ्हा खच्ची केला की संपलं. हत्तीचे वृषण पोटात, मूत्रपिंडांजवळ असतात, बाहेरून दिसतही नाहीत. तो मार्ग जवळपास बंदच आहे. कोल्हापुरात साठमारीचं मैदान अजून उभं आहे. बिथरलेल्या हत्तीला डिवचून त्याच्यापुढून निसटण्याचा खेळ शाहू महाराजांच्या काळात तिथे चालायचा. हा प्राणी नेमका काय आहे याचा विसर त्या पिढीला पडला नव्हता.

हा फरक मान्य केला की एक गोष्ट टाळता येत नाही. जात पाळीव नसल्यामुळे प्रत्येक हत्ती नव्यानं मोडावा लागतो. धरलेल्या हत्तीला जाड ओंडक्यांच्या कोटात ठेवतात. इतक्या अरुंद की त्याला वळताही येऊ नये. उपासमार, दोर, अंकुश, आणि मग एकाच माणसाच्या हातून ऊस. आसामात या काळात हत्तीला गाणीही ऐकवतात, आणि ती गाणारा त्या हत्तीवर मनापासून माया करतो, हे मला खरं वाटतं. पण मायेमुळे कोट रुंद होत नाही. याची किंमत आकड्यांत दिसते. म्यानमारमध्ये लाकूड ओढणाऱ्या पाच हजारांहून अधिक हत्तींच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रानातून धरलेले हत्ती छावणीत जन्मलेल्यांपेक्षा काही वर्षं कमी जगले, आणि धरल्यानंतरचं पहिलं वर्ष सगळ्यात वाईट ठरलं. दोघांचं काम तेच होतं, छावण्याही त्याच.

म्हणूनच प्रेरणादायी व्याख्यानांतली दोरीची गोष्ट मला सहन होत नाही. लहानपणी साखळीला हिसके देऊन थकलेला हत्ती मोठेपणी साध्या दोरीलाही बांधलेला राहतो, तेव्हा तुम्हीही मनाची दोरी तोडा, असा तिचा बोध. टाळ्या पडतात. त्या पिल्लाचा पाय सोलवटेपर्यंत त्याला बांधून ठेवलं कोणी, हे विचारायला कोणी उभं राहत नाही.

तितकीच चीड मला "गजराज आनंदानं डोलतायत" या वाक्याची येते. एकदा देवळाबाहेरच्या हत्तीसमोर दहा मिनिटं थांबून बघा. पुढच्या एका पायात साखळी असते. वजन डाव्या पायावर, मग उजव्या पायावर; डोकं खाली, वर, खाली; सोंड दर वेळी त्याच जागी वळते. ढोल थांबला तरी हे थांबत नाही. केळं खाताना क्षणभर खंड पडतो, मग पुन्हा त्याच तालात सुरू. रानातला हत्ती दिवसाचा बहुतेक वेळ चालण्यात आणि चरण्यात घालवतो. ते सगळं काढून घेतल्यावर उरलेली ही हालचाल आहे. मग नजर पायाकडे न्या. हत्तीच्या तळव्यात चरबीची मऊ गादी असते, ती मातीसाठी. काँक्रीटवर, स्वतःच्याच मुताच्या ओलीत उभं राहून ती गादी कुजते, नखं फाटतात, आत पू होतो. महादेवीच्या प्रकरणातही पायांच्या दुखण्याचा आणि या डोलण्याचा मुद्दा न्यायालयापर्यंत गेला होता.

आता दुसऱ्या बाजूचा घोळ, कारण प्राणिप्रेमी मंडळीही हाच फरक उलट्या दिशेनं विसरतात. "जंगली प्राणी आहे ना, मग द्या जंगलात सोडून." तीस वर्षं माणसाच्या हातचं खाल्लेला हत्ती जंगलात सोडला तर तो पहिल्यांदा जवळचं गाव शोधेल. त्याची माणसाची भीती गेलेली असते, ताकद मात्र जागेवर असते. त्याला रान शिकवणारा कळप नसतो. रक्तानं रानटी आणि सवयीनं माणसाचा, अशी त्याची अडचण आहे, आणि ती आपण निर्माण केलेली आहे. माहुताला सरसकट राक्षस ठरवणंही मला पटत नाही. अपुऱ्या पगारावर, लेकराबाळांपासून दूर, त्या जनावराच्या पायाशी झोपणारा माणूस तोच असतो. हत्ती हलवायचा तर त्याचा माहूतही सोबत गेला पाहिजे. हा मुद्दा चर्चेत शेवटी येतो. तो पहिला यायला हवा.

म्हैसूरच्या अर्जुनचं उदाहरण घ्या. १९६८ मध्ये काकनकोटला धरलेला हा हत्ती. साडेसातशे किलोंची सोन्याची अंबारी त्यानं आठ दसऱ्यांना वाहिली. साठी उलटली म्हणून त्याची अंबारी उतरवली, पण रानटी हत्ती धरण्याच्या मोहिमांत त्याला पाठवणं चालूच राहिलं. डिसेंबर २०२३ मध्ये हासन जिल्ह्यात अशाच मोहिमेत रानटी नराशी झुंजताना तो मेला. पंचावन्न वर्षांपूर्वी रानातून आणला, आणि रानातल्याच हत्तीसमोर त्याला उभं केलं. लोक ओक्साबोक्शी रडले. ते रडणं खरंच होतं. नांदणीतलंही खरंच होतं. १९९२ पासून महादेवी त्या गावाची होती, आणि त्या प्रेमावर शंका घेणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही. पण गावानं तिच्यावर केलेलं प्रेम आणि तिला दुसऱ्या हत्तिणीची असलेली गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हत्तिणी आयुष्यभर आई, मावशा, बहिणी यांच्या कळपात राहतात. मुंबई उच्च न्यायालयानं हत्तिणीच्या चांगल्या जगण्याचा हक्क संस्थेच्या धार्मिक वापराच्या हक्कापेक्षा वरचा ठरवला, आणि माझ्या मते ते बरोबर होतं. तिला शेकडो किलोमीटर लांब, एका खासगी केंद्रात नेण्यावरचा लोकांचा आक्षेपही मला रास्त वाटतो. दोन्ही एकाच वेळी म्हणता येतं.

कायदा स्वतःच या घोळात अडकलेला आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात हत्ती पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या शेजारी बसतो. पण त्याच्या मालकीचा दाखला मिळतो, आणि २०२२ च्या दुरुस्तीनं तर धार्मिक किंवा इतर कोणत्याही कारणासाठी दाखलाधारी हत्ती एका हातातून दुसऱ्या हातात द्यायची वाट मोकळी करून दिली. "इतर कोणत्याही" हे दोन शब्द काढून टाकावेत असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. हत्तींची वाहतूक जोवर अशी सोपी आहे, तोवर रानातून चोरून आणलेल्या पिल्लाला दाखला चिकटवण्याचा मोह राहणार.

आंदोलनाच्या रेट्यानंतर नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव वनताराकडून आला. तो प्रत्यक्षात आला तर मला आनंदच होईल. फक्त तिथे जमीन मातीची हवी, डुंबायला पाणी हवं, पायात दिवसभर साखळी नको, मिरवणूक तर अजिबात नको. आणि महादेवीला सोबत द्यायची ती एखाद्या देवस्थानात किंवा रस्त्यावर एकटी उभी असलेल्या हत्तिणीची. नवं पिल्लू कुठल्याही रानातून, कुठल्याही दाखल्यावर तिथे येता कामा नये.