अर्धा ओढलेला पडदा

रुग्णाचं अंग पुसताना खाटेभोवतीचा पडदा अर्धाच ओढला जातो. रुग्ण काही बोलत नाही, फक्त भिंतीकडे तोंड वळवतो. नोंद होते : 'अंग पुसून दिले.' नोंद खरी आहे, पण त्या वळवलेल्या तोंडाला तिच्यात जागा नाही.

नर्सिंगमधली नीतिमत्ता म्हटलं की व्हेंटिलेटर काढायचा का, असले मोठे प्रश्न आठवतात. ते रोज येत नाहीत. पडदा मात्र रोजचाच. 'आत्ता येते' म्हणून न जाणंही रोजचंच. मानसशास्त्रज्ञ जेम्स रेस्ट यांनी नैतिक वागण्याचे चार घटक मांडले. त्यातला पहिला म्हणजे जाण, इथे कुणाचं तरी मन दुखावतंय हे ध्यानात येणं. तेच आलं नाही, तर चांगला निर्णय घ्यायचा तरी कशावर?

आणि ही जाण घाईत हरवते. १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. वाटेत एक माणूस विव्हळत बसवलेला होता. निवांत निघालेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले, उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. माणसं वाईट नव्हती, घाईत होती. वॉर्डातल्या ड्युटीचं याहून वेगळं काय असतं?

ड्युटीनंतरची दहा मिनिटं आणि एक वही, एवढ्यानं ती घाई उलगडता येते. अनुभवाकडे मागे वळून बघण्याचं जे चक्र ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलं, त्यात घटनेनंतर लगेच भावना येते, मग मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढची कृती. भावनेची पायरी गाळू नये असं मला कळकळीनं वाटतं, कारण पोटात कालवलं होतं तिथेच बहुधा प्रश्न दडलेला असतो. लिहावंही त्याच दिवशी. शेवट कळला की 'मला आधीच वाटलं होतं' असं मन सांगू लागतं. रुग्णाचं नाव, खाटेचा नंबर मात्र वहीत नको. आणि नर्सिंग शिकणाऱ्यांच्या या वहीला गुण देऊ नयेत. दिले की शिक्षकांना आवडेल तेच लिहिलं जातं.

लिहिताना आणखी एक गाठ सुटते. योग्य काय ते कळत असूनही व्यवस्थेमुळे करता न येणं, याला अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नैतिक क्लेश म्हटलं. पडदा मी ओढला नाही, की त्याच्या कड्याच तुटल्या होत्या? पहिलं असेल तर उद्या त्या रुग्णाची माफी मागायची. दुसरं असेल तर इन्चार्ज सिस्टरांकडे लेखी तक्रार द्यायची.