अंगठा उठला नाही म्हणून रेशन थांबत नाही

सांगली जिल्ह्यातल्या जत, आटपाडीकडं अजून सर्रास ऐकू येतं, 'मशीननं अंगठा घेतला नाही की त्या महिन्याचं धान्य गेलं.' हे साफ चुकीचं आहे. केंद्राच्या अन्न विभागाचं 24 ऑक्टोबर 2017 चं परिपत्रक सांगतं: ठसा जुळला नाही तर मोबाइलवरचा ओटीपी चालतो, तोही नसेल तर आधार आणि रेशनकार्ड प्रत्यक्ष पाहून, वेगळ्या वहीत नोंद करून धान्य द्यायचं.

जन्मभर ऊसतोड केलेल्या, हळद शिजवलेल्या म्हातारीच्या बोटांवर रेषाच उरत नाहीत. मशीन तिला ओळखत नाही, हा तिचा दोष कसा? दुकानदारानं परत पाठवलं तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार द्या, पोच घ्या. 1967 या हेल्पलाइन नंबरवरही तक्रार करता येते.